जपानी मेपल लाल होतच नाही, पानं करपून झाडालाच लटकतात. काढून टाकावा का?

अबोली (सेंट्रल जर्सी)

नमस्कार मंडळी. बागकामाच्या धाग्यांवर आजवर नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा विचारतेय.

आमच्या मागच्या अंगणात एक जपानी मेपल आहे. आधीच्या मालकांनी लावलेला, घरासोबत आयता मिळाला. उंची साधारण बारा फूट, पानं हिरवी, सात टोकांची, कडेला बारीक दाते. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत बघत राहावं असं झाड. फॉल आला की मात्र घोडं पेंड खातं. आधी मळकट हिरवा होतो, मग शेंड्याकडे थोडा पिवळट-नारिंगी, आणि एका रात्री कडक दंव पडलं की सकाळी सगळी पानं चुरगळून चॉकलेटी. बरं, गळतही नाहीत. डिसेंबरभर तशीच लोंबत राहतात, वाऱ्यात खुळखुळतात.

कुंपणापलीकडे एका आजोबांकडे असाच हिरव्या पानांचा मेपल आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो असा पेटतो की रस्त्यावरून जाणारे गाडी थांबवून फोटो काढतात. एकच गल्ली, एकच हवा, मग आमच्याच झाडाने काय घोडं मारलंय?

नवऱ्याचं म्हणणं, काढून टाक आणि चेरी लाव. सासूबाई इथे आल्या होत्या, त्यांच्या मते झाडाला दृष्ट लागली आहे. मला विचारायचंय ते असं: खत कमी पडतंय का? की जातच हलकी आहे? नर्सरीचं लेबल नाही, त्यामुळे नाव ठाऊक नाही.

---

चिंतू (डॅलस)

एप्सम सॉल्ट घाला. गॅलनभर पाण्यात दोन चमचे, महिन्यातून एकदा. आमच्या गुलाबांना जबरदस्त फरक पडला. मेपललाही पडेल. आणि लोह कमी असेल तर लाल रंग येत नाही म्हणतात, ते पण बघा.

---

वेंगुर्लेकर (ऑरेगन)

चिंतूशेठ, रागावू नका, पण मिठाची पुडी आधी बाजूला ठेवा. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. जमिनीत मॅग्नेशियम खरंच कमी असेल तरच त्याचा उपयोग, आणि ते माती तपासल्याशिवाय कळत नाही. न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा थोड्या पैशांत माती तपासून देते. लोहाचा आणि या लालीचा संबंध नाही. तो रक्ताचा हिशोब झाला, पानाचा नव्हे.

अबोलीताई, माझं सगळं आयुष्य कलमं बांधण्यात गेलं. आधी कोकणात हापूसची, नंतर इथे विलामेट खोऱ्यात मेपलची. अमेरिकेत विकले जाणारे बरेचसे जपानी मेपल याच खोऱ्यातल्या नर्सऱ्यांतून ट्रकात चढतात. त्यामुळे ‘लाल होत नाही’ ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीय की तुमच्या प्रश्नाला उलटे प्रश्नच विचारतो. पण त्याआधी ती लाली येते कुठून ते डोक्यात बसू दे, म्हणजे तुम्हीच अर्धं निदान कराल.

पिवळा आणि लाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिवळा रंग, म्हणजे कॅरोटिनॉइड, पानात उन्हाळाभर असतोच. हरितद्रव्याने तो झाकलेला असतो. दिवस लहान झाले की झाड हरितद्रव्य मोडायला घेतं, त्यातला नत्र फांद्यांत-मुळांत परत ओढून घेतं, आणि खालचा पिवळा उघडा पडतो. लालाचं तसं नाही. लाल म्हणजे अँथोसायनिन, आमसुलात आणि जांभळात असतं त्याच घराण्यातलं. हिरव्या पानाच्या मेपलमध्ये उन्हाळ्यात ते जवळजवळ नसतंच. पान मरायला टेकलेलं असताना, शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, झाड ते नव्याने तयार करतं. त्याला लागते साखर आणि लागतं ऊन. दिवसा लख्ख ऊन असेल तर पानात साखर बनते. रात्री गारवा असेल तर ती साखर श्वसनात खर्च होत नाही, देठाशी वाट बंद होत आलेली असते म्हणून बाहेरही फारशी जात नाही, आणि तिचा रंग होतो. तुमच्याकडच्या मापात सांगायचं तर दिवसा ६० च्या आसपास, रात्री ४० ते ४५ फॅरनहाइट, आकाश निरभ्र. असे दहा-बारा दिवस सलग मिळाले तर साधं झाडसुद्धा पेटून उठतं. रात्री ६० च्या घरात राहिल्या, ढग राहिले, तर चांगल्या जातीचा रंगही मळकट निघतो. आणि या सगळ्याच्या आत २८ च्या खालची एक रात्र आली तर पान जागच्या जागी मरतं. मेलेलं पान रंग बनवत नाही.

ते लोंबत राहतं त्याचंही कारण हेच. पान गळणं हे झाडाचं काम आहे, पानाचं नव्हे. देठाच्या बुडाशी झाड पेशींचा एक पातळ थर तयार करतं, तिथून देठ सुटतो आणि जखम बुचासारखी आधीच बंद झालेली असते. थर पुरा होण्याआधी कडक थंडीने पान मारलं तर सोडायला कोणी उरत नाही.

म्हणजे तुमच्या झाडाला रंग जमत नाही असं मी अजून म्हणणार नाही. वेळेत आवरत नाही, एवढं नक्की. का आवरत नाही, ते बघायला पाहिजे. उद्या उजेडात बाहेर जा आणि एवढं करा:

एक पान देठाला धरून हलकेच खाली ओढा. स्वच्छ सुटून आलं आणि फांदीवर गुळगुळीत वण दिसला तर थर झाला होता. सालीचा धागा सोबत सोलून आला तर नव्हता.

शेंड्याकडे नारिंगी झालेलं, न करपलेलं एखादं पान सापडतं का बघा. एकावर एक पडलेली दोन पानं मिळाली तर सोनं. वरचं उचला आणि खालच्यावर काय दिसतं ते सांगा.

खोडाच्या बुडाशी, मातीपासून वीतभर उंचीच्या आत, गाठ किंवा सालीचा पोत बदललेली तिरकी रेघ आहे का? तिच्या खालून फुटवे आलेत का?

नखाने एखाद-दोन बारीक फांद्यांची साल खरवडा. आत हिरवं पाहिजे. एखादी फांदी उन्हाळ्यातच अचानक वाळली असेल तर ती कापून आडवा छेद बघा. लाकडात काळपट-हिरवट डाग किंवा कडी दिसली तर वेगळी गोष्ट, ते व्हर्टिसिलियम, म्हणजे मातीतून येणारा बुरशीचा रोग, असू शकतं.

आणि ऊन किती तास, कोणत्या बाजूचं. पाणी कसं देता. झाडाच्या बुडाशी गवत आहे की काय, हेही लिहा. शेवटचं नीट लिहा.

---

अबोली (सेंट्रल जर्सी)

बाप रे, एवढं सविस्तर! धन्यवाद काका. (काका म्हटलं तर चालेल ना?) शनिवार असल्याने सकाळीच चहा घेऊन बाहेर गेले.

देठ: सुटत नाही. ओढलं की फांदीची साल दोऱ्यासारखी सोलून येते. बरीच पानं ओढून पाहिली, तेच.

नारिंगी पानं: अगदी वर, कुंपणाकडच्या बाजूला, शिडीवर चढल्यावर मिळाली. आणि हे तुम्हाला कसं कळलं देव जाणे, पण एका नारिंगी-लाल पानावर दुसऱ्या पानाचा हुबेहूब छाप आहे! वरच्या पानाची तीन टोकं जिथे टेकली होती तेवढाच भाग पिवळा, आणि कडा इतकी रेखीव की कात्रीने कापून चिकटवल्यासारखी. मुलीने वहीत दाबून ठेवलंय.

बुंधा: मातीपासून चार-पाच इंचांवर फुगीर गाठ आहे. खालून दोन बारीक फुटवे आलेत, त्यांची पानं वरच्यांपेक्षा खूपच लहान होती. साल खरवडली, आत हिरवंगार. वाळलेली फांदी एकही नाही.

ऊन: सकाळपासून साधारण बारापर्यंत. नंतर घराची सावली.

पाणी: लॉनचे स्प्रिंकलर आहेत, रोज पहाटे दहा मिनिटं, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. गवत थेट खोडापर्यंत आहे. लॉनचं काम एका कंपनीकडे दिलंय. वर्षातून पाच वेळा येऊन खत-औषध मारून जातात, शेवटचं सप्टेंबरअखेर. झाडाला वेगळं खत मी कधीच घातलं नाही, म्हणून तर विचारलं की कमी पडतंय का.

आणि गॅरेजचा फ्लडलाइट रात्रभर त्याच्यावर असतो, कॅमेऱ्यासाठी.

आजोबांचं झाड खडीत आहे. आजूबाजूला गवत नाही, स्प्रिंकलर नाही. ते म्हणतात मी काहीच करत नाही, फक्त पानं गोळा करतो.

---

वेंगुर्लेकर (ऑरेगन)

काका चालेल. इथल्या पोरांनी ‘डूड’ पासून सगळं म्हणून झालंय.

ताई, तुमच्या झाडाला खत कमी पडत नाही, ऊतू चाललंय. तुम्ही घालत नसाल, पण लॉनवाला घालतो आणि मेपलची मुळं उथळ असतात. फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर, वरच्या फूटभर मातीत पसरलेली. गवतासाठी फेकलेला नत्र आधी त्यांच्याच तोंडाशी येतो. सप्टेंबरअखेर नत्र देणं गवताच्या हिशोबाने बरोबरच आहे. उत्तरेकडे लॉनला तोच मोसम असतो, लॉनवाल्याचा दोष नाही. पण त्याच वेळी मेपलने वाढ थांबवून आवराआवर करायची असते. त्यात रोज पहाटे पाणी. पोटभर जेवण आणि उशाशी दिवा, झोप कुठून लागणार? झाड ऑक्टोबरातही हिरवं राहतं, हरितद्रव्य मोडायची घाई करत नाही, आणि नोव्हेंबरातली पहिली कडक रात्र त्याला कामावर असतानाच गाठते.

नत्राचा आणखी एक फटका आहे. पानात नत्र भरपूर असला की झाड साखर वाढीकडे वळवतं, अँथोसायनिन कमी बनवतं. थोड्या भुकेल्या झाडाचा रंग नेहमी चढा असतो. तो लाल थर पानाच्या वरच्या बाजूला छत्रीसारखा उभा राहतो आणि हरितद्रव्य मोडत असताना पानाला उन्हाचा तडाखा बसू देत नाही, म्हणजे नत्र शांतपणे परत ओढता येतो, असं बरेच अभ्यासक मानतात. ज्याच्या घरी धान्याची कोठारं भरलीत तो सांडलेले दाणे वेचत बसत नाही. आजोबांचं झाड खडीत उभं आहे, त्याला प्रत्येक दाणा वेचावा लागतो.

आता त्या छापाबद्दल. मुलीला सांगा, ते पान जपून ठेव. सावलीत राहिलेल्या भागात लाल बनलंच नाही, उघड्या भागात बनलं. म्हणजे तुमच्या झाडाला लाल बनवता येतो. कुंपणाकडच्या शेंड्याला ऊन जास्त आणि दिवा कमी, म्हणून तिथे सुरुवात झाली. जातीत खोट असती तर तिथेही पिवळाच आला असता.

गाठ आहे म्हणजे झाड कलमी आहे, आणि वरची पानं मोठी, खालच्या फुटव्यांची लहान, म्हणजे वरची कलमकाडी जिवंत आहे. कधी कधी कलमकाडी थंडीत मरते आणि ती ज्यावर बांधलेली असते तो खालचा खुंटच झाड होऊन बसतो, मालकाला पत्ताही नसतो. तसं इथे झालेलं नाही. ते दोन फुटवे मात्र बुंध्यापासून काढा. हापूसच्या खुंटाला रायवळ फुटवा येतो तसाच हा, ठेवला तर वरच्याला खातो.

करायचं ते असं. खोडाभोवतीचं गवत काढा, निदान फांद्यांच्या घेराएवढं. खोदू नका, मुळं तुटतील. वर पुठ्ठा अंथरा आणि त्यावर लाकडाच्या भुश्शाचा किंवा सालींचा दोन-तीन इंच थर द्या. खोडाला टेकवायचा नाही, मधे हातभर मोकळं ठेवा. इथे लोक खोडाभोवती ढीग रचून ज्वालामुखी करतात, साल कुजते. लॉनवाल्याला त्या गोलात काहीही मारू नको म्हणून सांगा. तणनाशकसुद्धा नाही. रुंद पानाच्या तणांवरची काही औषधं मुळांवाटे झाडाला लागतात.

त्या भागातले स्प्रिंकलर बंद करा. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, नळी बारीक सोडून तास-दीड तास घेराखाली फिरवा. पाणी खोल गेलं पाहिजे. सप्टेंबरपासून हात आखडता घ्या, पण कोरडंठाक पडू देऊ नका. २०२४ च्या ऑक्टोबरात तुमच्या राज्यात जवळजवळ पाऊसच झाला नाही, १८९५ पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा महिना. अशा वर्षी पाणी तोडलं तर पानं कडेने करपून रंगाआधीच गळतात. भुकेला ठेवायचा, तहानलेला नाही.

दिव्याला हालचालीवर लागणारा सेन्सर बसवा. शहरात रस्त्यावरच्या दिव्याजवळच्या फांद्या बाकी झाड बोडकं झाल्यावरही हिरव्या राहिलेल्या मी कितीतरी पाहिल्यात. झाड रात्रीची लांबी मोजतं. तुम्ही त्याची रात्रच पळवलीत.

पहिल्याच वर्षी निकाल मागू नका. मातीतला आणि फांद्यांत साठलेला नत्र ओसरायला वेळ लागतो. दुसऱ्या फॉलला मात्र काही तरी दिसलंच पाहिजे. आणि ऊन बारापर्यंतच आहे, तेव्हा आजोबांसारखा भडक शेंदरी येईलच असं नाही. नारिंगीवर थांबला तर त्याचा दोष नका काढू.

---

थेम्सकाठ (रेडिंग, इंग्लंड)

धागा वाचून राहवलं नाही. अबोली, पान किती मोठं आहे? तळहाताएवढं, सात टोकांचं, वसंतात जरा तांबूस-पोपटी निघून मग गडद हिरवं होतं का? आणि बियांच्या पंखांच्या जोड्या उन्हाळ्यात लालसर दिसतात का? तसं असेल तर ते ‘ओसाकाझुकी’ असू शकतं. फोटोशिवाय छातीठोक सांगणार नाही, सात टोकांची हिरवी जात काही एकच नाही. पण जुन्या घरांच्या अंगणात हीच बरीच सापडते. आमच्याकडे आरएचएसचा (रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी, इथली बागकामाची संस्था) गार्डन मेरिट पुरस्कार तिला आहे, आणि अर्ध्या सावलीतही लाल होणारी म्हणून तिचं नाव घेतात. त्यामुळे काकांच्या शेवटच्या ओळीशी मी जरा असहमत. ती ओसाकाझुकीच निघाली तर नारिंगीवर समाधान मानू नका.

जातींचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज काढून टाकू. लोक नर्सरीत जाऊन उन्हाळ्यात लाल-जांभळा दिसणारा मेपल उचलतात, ‘ब्लडगुड’ वगैरे, आणि समजतात की फॉललाही हाच बाजी मारणार. ब्लडगुड लाल होतो, चांगला होतो, पण जांभळ्याचा लाल झाला हे लांबून फारसं जाणवतही नाही. हिरव्याचा लाल होतो तेव्हा माणूस थबकतो. ज्याला पानगळीचा सोहळा पाहिजे त्याने हिरव्या पानाचीच जात घ्यावी असं माझं ठाम मत आहे. ‘सांगो-काकू’ पिवळी होते आणि मग थंडीत तिच्या पोवळ्यासारख्या फांद्या दिसतात. ‘सेइर्यू’ झालरीच्या पानांची पण उभी वाढते, सोनेरी-नारिंगी-लाल सगळं एकदम. ‘शिशिगाशिरा’ची कुरळी पानं सगळ्यांच्या मागून रंगतात.

आणि झाड घ्यायचं तर ऑक्टोबरात, रंग चढलेला असताना, डोळ्यांनी बघून घ्या. बियांपासून केलेली रोपं फक्त ‘पाल्माटम’ या नावाने स्वस्तात मिळतात. त्यांत प्रत्येकाचा रंग निराळा, एखादं अप्रतिम, एखादं फुसकं. ते एप्रिलमध्ये ओळखता येत नाही.

ग्लॉस्टरशरला वेस्टनबर्टची वृक्षबाग आहे, तिथे देशाचा जपानी मेपलसंग्रह ठेवलाय. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. एकाच कुरणात, एकाच हवेत, शेजारी शेजारी उभ्या झाडांत एक शेंदरी, एक लिंबू-पिवळा, एक अजून हिरवाच. जात म्हणजे काय ते तिथे एका चकरेत कळतं. फक्त शनिवार-रविवार टाळा, गाडी लावायला जागा मिळत नाही.

---

अबोली (सेंट्रल जर्सी)

थेम्सकाठ, पान माझ्या तळहाताएवढं आहे! आणि बियांचे पंख लाल असतात, हो, मुलगी त्यांना हेलिकॉप्टर म्हणून उडवते. कुंपणापलीकडे जाऊन आजोबांना विचारलं. त्यांनी गॅरेजमधून गंजलेल्या तारेला बांधलेलं पत्र्याचं लेबल काढून दाखवलं: ओसाकाझुकी. वर म्हणाले की तुमच्या घराच्या आधीच्या मालकाने आणि मी एकाच दिवशी एकाच ट्रकमधून दोन घेतले होते!

म्हणजे जुळी भावंडं. आता नवऱ्याला तोंड दाखवायला जागा नाही.

---

वेंगुर्लेकर (ऑरेगन)

घ्या! मग तर प्रश्नच मिटला. एका जातीची सगळी कलमं म्हणजे एकाच झाडाचे तुकडे, रक्तात फरक नाही. फरक आहे तो खडीचा आणि लॉनचा. थेम्सकाठ, नारिंगीचं माझं वाक्य मागे घेतो.

---

पेठकर (पुणे)

मधेच घुसतोय. मला हे सगळं वाचून मोह झालाय. मी ऑनलाइन जपानी मेपलच्या बिया मागवल्या, पाकिटावर निळ्या पानांचा फोटो होता. उगवलं ते राजगिऱ्यासारखं काहीतरी. पुण्यात गच्चीवर मोठ्या कुंडीत, ग्रीन नेटखाली जपानी मेपल जगेल का? महाबळेश्वरला?

---

वेंगुर्लेकर (ऑरेगन)

निळ्या पानांचा मेपल जगात नाही, पेठकर. तो फोटो संगणकावर रंगवलेला असतो. मेपलचं खरं बी पंखासकट असतं. ते ओलसर ठेवून फ्रिजमध्ये तीन-चार महिने थंडी दिल्याशिवाय सहसा उगवत नाही. पाकीट उघडून कुंडीत टाकलं आणि आठवड्यात उगवलं, म्हणजे ते मेपल नव्हतंच.

पुण्यात रोप जगवता येईल, काही महिने. एप्रिल-मेच्या झळांनी पानांच्या कडा करपतील, तेही नेट लावून निभावेल एक वेळ. पण या झाडाला हिवाळ्यात खरी झोप लागते, कित्येक आठवडे पारा चार-पाच अंश सेल्सियसच्या आसपास. ती मिळाली नाही तर वसंतात डोळे धड फुटत नाहीत आणि झाड दरवर्षी थोडं थोडं खचतं. महाबळेश्वरची थंडी आपल्याला बोचते, मेपलच्या हिशोबाने ती थंडीच नव्हे, आणि वर पावसाळ्यात मुळं चार महिने पाण्यात. काश्मीर-हिमाचलात लावा म्हणेन, पुण्यात नको.

लालीच बघायची तर तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत, त्या बघा. देशी बदाम, मोठ्या पानांचा, शाळांच्या आवारात असतो तो. थंडी सरताना त्याची पानं गळण्याआधी तांबडी होतात, तीसुद्धा याच अँथोसायनिनने. आणि कोशिंब. फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीत कोवळ्या पालवीने असा लाल होतो की लांबून फुलोराच वाटावा. तिथे म्हातारं पान लाल होत नाही, जन्मलेलं होतं. कोवळं पान हिरवं होईपर्यंत त्याला उन्हापासून जपायची तीच युक्ती.

---

पेठकर (पुणे)

कोशिंब! ताम्हिणीत पाहिलाय, नाव ठाऊक नव्हतं. पैसे वाचवलेत काका. बियावाल्याने ‘जर्मिनेशन ग्यारंटी’ दिली होती, ती मात्र त्याने पाळली म्हणायची.

---

मृणाल (टोरांटो)

काका, नत्र ओढून घेताना ऊन लागू नये म्हणून लाल, हे पटतं. पण मी जीवशास्त्र शिकवते म्हणून भर घालते: दुसरंही एक मत आहे. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन आणि सॅम ब्राउन यांनी २००१ मध्ये मांडलं की भडक रंग हा माव्यासारख्या किडींना इशारा असू शकतो, ‘मी धडधाकट आहे, अंडी दुसरीकडे घाल.’ शरदात मावा अंडी घालायला झाड निवडतो, त्याच वेळी हा रंग चढतो. यावर अजून वाद चालू आहे. कदाचित दोन्ही खरं असेल.

आणि अबोली, आमच्याकडे ही झाडं जगवणंच अवघड, एप्रिलअखेरच्या दंवात कोवळी पालवी जळते. तू नशीबवान आहेस, काढू नकोस.

---

वेंगुर्लेकर (ऑरेगन)

मृणालताई, मावा लालवर बसतो की पिवळ्यावर हे नर्सरीत रोज दिसतं. पिवळे चिकट कार्ड टांगतो ते उगीच नाही, माव्याला पिवळा रंग ओढतो. त्या मतात काहीतरी तथ्य असावं. पण मला विचाराल तर मी छत्रीच्या बाजूचा.

---

अबोली (सेंट्रल जर्सी)

शेवटचं विचारते आणि धागा सोडते. लोंबणारी पानं हाताने काढू का? आणि आतल्या फांद्यांची दाटी झालीये, ती विरळ करायची तर कधी? ऊन आत गेलं तर रंगाला बरं, असं तुमच्याच लिहिण्यावरून वाटलं. लॉनवाल्यांना फोन केला, ते म्हणाले गोल आखून छोटे झेंडे लावून ठेवा, आमचा माणूस तिथे मारणार नाही. गोल केवढा आखू?

---

वेंगुर्लेकर (ऑरेगन)

पानं ओढू नका. साल सोलते हे तुम्ही पाहिलंच आहे, प्रत्येक ठिकाणी जखम होईल. वसंतात डोळे फुगले की आपसूक ढकलली जातील.

छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करू नका, रस चढत असतो, कापल्या जागेतून पाणी गळत राहतं. पान पूर्ण पिकल्यावर, जुलैच्या शेवटी, आतल्या वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. कात्री स्पिरिटने पुसून घ्या. एका वर्षात एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. शेंडा मुळीच तोडू नका. शेंडा तोडलेला मेपल परत मेपलसारखा दिसत नाही.

झेंडे फांद्यांच्या टोकांच्या खाली नाही, त्याच्या बाहेर तीन फुटांवर लावा. खतफेक्या यंत्राचे दाणे लांब उडतात, त्याला जरा लांबूनच वळायला सांगा. आणि कुंपणाच्या बाजूला झेंडे लावायची गरज नाही, तिकडे आजोबा आहेत.